कोर्टनीच्या चार खेपा

सुप्रभाबाई माणदेशातली. डॉक्टर नवऱ्यामागं लीड्सला आली आन् तिथल्या शाळेत मदतनीस बाई झाली. तिच्या इंग्रजीलासुदिक माणचा हेल. गरिबाघरची, शाळेत फुकटच्या जेवणावर असलेली, 'आम्हाला न्हाई जमत' असं आधीच म्हणून मोकळी होणारी सहा पोरं तिच्या वाट्याला. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडनं निबंध लिहून घ्यायची. विषय एकच : तुला काय येतं?

दहा वर्षांच्या कोर्टनीनं दोन महिन्यांनी पहिल्यांदा पानभर लिहिलं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, तिच्या नॅनचे, म्हणजे आजीचे, गुडघे गेलेले; बाजार पोरगीच वर चढवते. शुक्रवारी पालकांपुढं तिनं हे वाचायचं ठरलं.

बाईला भरतं आलं. गावाकडं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण गुरुजीच लिहायचे, पोरानं नुसतं घोकून फेकायचं. त्यात गुरुजींचा जीव दिसायचा. तसाच जीव हिनं लावला, कोर्टनीचा निबंध स्वतःच नव्यानं लिहून काढला. जिन्याच्या जागी 'आयुष्याच्या पायऱ्या' आल्या, शेवटाला सुविचार चिकटला.

नवऱ्यानं, शशिधर डॉक्टरांनी, चहा घेता घेता कागद बघितला. "अगं, निबंध तपासलास का ऑपरेशन केलंस त्याचं?"

"गप बसा हो. पोरीचं नाव होईल."

गुरुवारी कोर्टनीनं तो नवा निबंध वाचला, घडी घालून परत दिला. "छान आहे, मिस. म्हणजे माझा छान नव्हता."

"तसं नव्हे गं..."

"उद्या तुम्हीच वाचा." आपलं पान तिनं चुरगाळून टोपलीत टाकलं.

बाईला उमगलं, एकेक ओळ करत उभी केलेली पोर आपल्याच हातानं पाडली. तिनं सगळ्यांदेखत स्वतःचा शहाणा कागद टराटरा फाडला.

"चुकलं माझं, कोर्टनी. चार जिने बटाटं वाहून नेल्यावर काय होतं, मला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक हाय."

पोरं बघतच राहिली. मोठं माणूस 'चुकलं' म्हणतंय, हे त्यांना नवीन होतं. कोर्टनीनं टोपलीतलं आपलं पान काढून सपाट केलं. मग म्हणाली, "पेन द्या."

शुक्रवारी ती अडखळतच वाचायला लागली. 'मी चार खेपा करते' म्हणाली, तोच तिसऱ्या रांगेतनं नॅन खणखणली, "चार कुठल्या? सहा करतेस!"

लोक हसले. बाईला वाटलं, आता पोरगी खाली बसणार.

कोर्टनीनं मान वर केली. "नॅन, निबंध माझा आहे. गप बस."

आन् पुढची ओळ तिनं मागच्यापेक्षा मोठ्यानं वाचली.