दम लागतो का?

माझा बाप डॉक्टरशी खोटं बोलून मेला.
मी शेजारीच उभी होते. गप्प.

आज त्याचा स्मृतिदिन. दरवर्षी नुसता फोटो टाकते. यंदा लिहूनच टाकते.

बाबा जन्मभर माथेरानला हातरिक्षा ओढायचा. पुढे दांड्यात तो, मागून ढकलायला सखारामकाका.

धंद्याचा एक नियम होता. पाहुण्यासमोर धापा टाकायच्या नाहीत. म्हातारा दमलाय असं दिसलं की गिऱ्हाईक उतरून दुसऱ्या रिक्षात बसतं.

म्हणून चढावर दम लागला की बाबा थांबायचा.
"जरा चाक बघतो, साहेब."
वाकायचा, चाकावरून हात फिरवायचा, तेवढ्यात श्वास भरून घ्यायचा. चाकाला कधीच काही झालेलं नसायचं.

ऐंशीच्या दशकात, बाबा सत्तरीला टेकलेला असताना, पोटात गाठ निघाली. कर्जतच्या एका खाजगी हॉस्पिटलात मोठं ऑपरेशन ठरलं.

हॉस्पिटल पहिल्या मजल्यावर. जिन्यात बाबा दोनदा थांबला.
"चपलेचा अंगठा बघतो गं."
वाकला. कपाळावर घाम.
अंगठा धड होता. मला कळलं.

वर डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "चढताना दम लागतो का? छातीत दुखतं?"

"नाय हो साहेब. उभा जलम रिक्षा ओढली. अजून दोघांना घेऊन वर जाईन."

डॉक्टर हसले. "मग काय, हार्ट एकदम फर्स्ट क्लास!"
झाली तपासणी. ना कार्डिओग्राम, ना काही.

मी तोंड उघडणार, तर बाबाने डोळे वटारले. चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त.
चुलीत गेली ती शिस्त.

ऑपरेशन छान झालं म्हणे. तिसऱ्या दिवशी हार्ट बंद पडलं.

डॉक्टर माझ्यावरच ओरडले. "हार्टचा त्रास होता तर सांगायचं ना! आधी त्यावर औषध दिलं असतं, मुंबईला पाठवलं असतं. भूल तरी जपून दिली असती."

साहेब, तुम्ही एकदा मान वर केली असती तर घाम दिसला असता.
पण तुम्हाला तरी किती बोलू? जिना त्याच्यासोबत मी चढले होते.

सखारामकाका मातीला आला. बाजूला घेऊन म्हणाला, "मला म्हाईत व्हतं गं. दोन वरसं सगला भार मीच ढकलत व्हतो. तो नुस्ता दांडा धरून चालायचा."
"मग बोलला का नाहीस, काका?"
"त्यानं शपथ घातली व्हती."

सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याला माहीत असायला हवं होतं, त्याला कुणी सांगितलं नाही.

आता मीच सत्तरीची. डॉक्टरने विचारायच्या आत सांगते, दम लागतो, छातीत दुखतं, सगळं लिहून घ्या. मुलगा म्हणतो, आई, किती मोठ्याने बोलतेस.
बोलणारच.

बाबा, आता तुझ्या रिक्षात कुणी पाहुणा बसलेला नाही. चाक बघू नकोस.
बस जरा. दम घे.

जयभीम.