राणीची खिडकी आणि साडूभाऊ

आमच्या राजवाड्याच्या तिकीट कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. गाइड पुष्कळ पाहिले. पण ज्याच्यामागे माणसं भर उन्हात मुकाट चालत, असा एकच. त्याला सगळे ‘तोंडपाठ’ म्हणत. त्याने हातात कधी कागद धरला नाही.

जुन्या गाइडांची एक रीत होती. प्रत्येकाने आपल्या माहितीत एक गोष्ट पदरची घालायची. ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली, की चोर सापडला. तोंडपाठची गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची. राणी तिथे बसून लढाईवर गेलेल्या राजाची वाट पाही, तिच्या कोपरांनी दगडाला खळगे पडले. बायका तिथे हमखास डोळे पुसत. फेरी संपली की बाहेरच्या दाराशी तो सांगे, ‘खिडकी इथल्या कार्यालयाने अलीकडे कोठीत हवा यावी म्हणून फोडली. राणी माझी.’ लोक खो-खो हसत आणि पुढच्या खेपेला पाहुण्यांना घेऊन येत.

त्याच्या साडूची प्रवासी कंपनी होती. देशाच्या चारही टोकांहून बसगाड्या भरून माणसं आणायची. एकदा हा साडू लागोपाठ तीन दिवस त्याच्या फेरीत फिरला. तोंडपाठला वाटलं, नात्याचं कौतुक. साडूच्या खिशात फोन चालू होता. तिन्ही दिवस बस सुटायची म्हणून तो शेवटच्या दाराआधीच सटकला.

चार महिन्यांनी साडूच्या कंपनीची, कानाला लावून माहिती ऐकायची यंत्रं आली. आवाज भाड्याचा, शब्द तोंडपाठचे. गाइडांना आत बंदी झाली. तोंडपाठ फाटकाबाहेर टोप्या विकायला बसला. बायको म्हणाली, बहिणीचा संसार आहे, जाऊ द्या. साडूने मात्र गाडी थांबवून त्याच्याकडून एक टोपी घेतली आणि म्हणाला, “बरं झालं साडूभाऊ, घशाला आराम.”

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. खिडकीची फाइल आहे का, एवढंच विचारलं. होती, मंजुरीच्या पत्रापासून गवंड्याच्या सहीपर्यंत, क्रमाने लावलेली. मी ती लगेच वरच्या खणात आणून ठेवली. तो म्हणाला, घाई नको, त्याला आधी वर चढू दे.

दोन वर्षांत साडू पुरेसा वर चढला. देशातल्या चाळीस स्थळांवर यंत्रं बसवायचं काम त्याला मिळणार होतं. समिती पाहणीला आली, तेव्हा तोंडपाठ तिकीट काढून मागोमाग चालला. खिडकीपाशी अध्यक्षबाई कानातलं ऐकता ऐकता हळव्या झाल्या. तोंडपाठने हात वर केला आणि ही माहिती कुठली, असं नम्रपणे विचारलं. साडू म्हणाला, जुन्या कागदपत्रांतली.

अध्यक्षबाईंनी ते कागद मागवले, मला बोलावणं आलं. मी फाइल घेऊन जिन्यातच उभा होतो.

अध्यक्षबाईंनी तारीख मोठ्याने वाचली. खिडकी माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान निघाली. साडूने तोंडपाठकडे बोट दाखवलं.

“हे... हे यांनीच सांगितलं होतं.”

“मी दाराशी खरंही सांगायचो,” तोंडपाठ म्हणाला. “शेवटपर्यंत थांबला असतात साडूभाऊ, तर वाचला असतात.”

काम गेलं, यंत्रं उतरली, निम्म्या बसगाड्या विकल्या गेल्या. मेहुणी दारात येऊन रडली. बायकोने महिनाभर अबोला धरला. हा ढिम्म.

आता तो पुन्हा फेऱ्या घेतो. दाराशी राणीची कबुली दिली, की साडूचीही गोष्ट सांगतो, नावागावासकट. परवा मी म्हटलं, बास झालं, साडूने अंथरूण धरलंय.

“फेरी अर्धी सोडायची नसते, साहेब,” तो म्हणाला आणि पुढच्या घोळक्याकडे वळला.