न लागणारं दार
स्पिरिटचा वास आला की संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतली आमची अंधारी खोली आठवते. तिथं माझ्याबरोबर काम करणाऱ्या, कन्नड तालुक्यातल्या मैत्रिणीची धाकटी बहीण चालता चालता पडायची आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. म्हणून तिच्या कातडीच्या पेशी वाढवून त्यांच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, किती कॅल्शियम शिरतं, ते आम्ही दोघी बघत होतो. निरोगी पेशीत तिथलं दार एक प्रथिन राखून असतं; पेशीत कॅल्शियम वाढलं तरच ते उघडतं. आत शिरलेलं कॅल्शियम खास रंगामुळे सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरवं चमकतं. आधी निरोगी पेशी ठेवल्या, तेव्हा पडदा जवळजवळ काळाच राहिला. मग बहिणीच्या ठेवल्या. कॅल्शियम वाढवणारं आम्ही अजून काहीच घातलं नव्हतं, तरी त्या लख्ख हिरव्या दिसल्या. “दार लागतच नाय गं,” मैत्रीण हळूच म्हणाली, “अशा पेशी टिकत नायत, ताण पडला की अजूनच मरतात.” बाहेर बाकावर बसलेल्या बहिणीनं हाक मारली, “ताई, झालं का? जिन्यानंच उतरायचं ना?” पायांत बळ यावं म्हणून एरवी तिला मुद्दाम जिना चढायला-उतरायला लावणारी मैत्रीण म्हणाली, “नको बाई, लिफ्टनं जाऊ.” या आजारावर अजून औषध निघालेलं नाही. बहीण आता चाकांच्या खुर्चीत असते, आणि मैत्रिणीचा फोन आला की उचलण्याआधी मी क्षणभर थांबते.