सातवा फातर

"नातू कधी झाला गो तुझा?" असं विचारलं तर फातरमावशी महिना सांगत नसे. "चौथ्या फातरार आसताना," म्हणे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावाखालून घाटावरून येणारी नदी, आमची न्हंय, वाहते. काठापासून पात्राच्या मध्यापर्यंत उतरत गेलेले सात काळे दगड, म्हणजे फातर, तिच्यात होते. पावसात मावशी पहिल्यावर धुणं आपटायची आणि पाणी उतरेल तशी एकेक फातर खाली सरकायची. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, पण हे नाव गावभर झालं होतं.

म्हापशाला नोकरीत असलेल्या मुलाने तिला धुण्याचं मशीन आणून दिलं. तिने त्यावर कोकमाची सोलं वाळत घातली. सून कुरकुरली तेव्हा म्हणाली, "ह्या मशीनाक न्हंय खंय पावली ता कळता?" पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

ती नवी नवरी होऊन आली तेव्हा फाल्गुनात, शिगम्यालाही चौथ्या फातरावर असायची. पाचवा म्हाताऱ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता. मी शाळेत असताना पाचवा उघडा पडला, नोकरीला लागेपर्यंत सहावा. मग सातवा माघातच दिसायला लागला. पावसात मात्र उलट. पाणी एका दुपारीत पहिल्या फातरावरून जाई आणि तितक्याच घाईने ओसरे. "पाऊस येता तितकोच," मावशी वर बोडक्या डोंगराकडे हात करायची. "पण डोंगराक तो धरूक जमना नाय."

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होतो. गावाच्या वरच्या अंगाला बंगल्यांची वसाहत व्हायची होती आणि तिला पाणी आमच्या न्हंयतून पंपाने जायचं होतं. अहवालात नदीचा रकाना होता. जुन्या फायलीत 'बारमाही' होतं, मी तेच खाली उतरवलं. कचेरीत असंच चालायचं आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. ती नोंद पंचायतीत वाचून दाखवल्यावर मावशी थेट माझ्या घरी आली.

"बारमाही कोणी लिवल्यान?"

"मी."

"तू? ह्याच न्हंयत पोवक शिकलंस मा रे तू?" एवढंच बोलून ती गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चैत्रात साहेब पाहणीला आले आणि पुलावर छत्रीखाली उभे राहिले. फाईल धरून मी मागे. खाली कुळागरांचे मालक, बाया, सगळा गाव. सुपाऱ्या, माड, सगळं त्या पाण्यावरच. आणि कोरड्या पात्राच्या मधोमध सातव्या फातरावर मावशी बसली होती. हातात कोरडी चादर. ती कोरड्या दगडावर चादर आपटत होती; धूळ उडत होती, आवाज पुलापर्यंत येत होता.

साहेब वरून ओरडले, "आजी, पलीकडे पाणी दिसतंय की!"

"त्या डबक्यात? मगे तुझो शर्ट काढून टाक खाली," मावशी म्हणाली. "तुझ्या बारमाही न्हंयत धुवन देतंय."

गाव हसला. साहेब लाल झाले. मला कुठून बळ आलं कोण जाणे. पुलाच्या कठड्यावर फाईल ठेवून मी 'बारमाही' खोडलं, 'माघानंतर आटते' लिहिलं आणि सही केली.

काम थांबलं. पावसाळ्याआधी माझी बदली पेडण्याला झाली, रोज म्हापशाला बस बदलायची. मी तोंड पाडून मावशीकडे गेलो. तिने माझ्यापुढे चहा आणि पाव ठेवला. "पेडण्यातय न्हंय आसा मा? थंयचे फातर मोज," म्हणाली. मी मोजले. अजून मोजतो, दर महिन्याला, वहीत. वरिष्ठ हसतात, हसू देत.

गेल्या श्रावणात तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी गेली," ती म्हणाली, "न्हंय पयल्या फातरार आसा." मी कचेरीतच रडलो.

ती फाईल आता पुन्हा उघडली आहे. नव्या कागदावर नव्या कुणीतरी 'बारमाही' लिहिलं आहे. परवा पात्रात उतरलो. सातव्याच्या खाली, त्या आटलेल्या डबक्यातून, आणखी एक फातर वर आला आहे, मावशीने कधी न पाहिलेला. सुनेला दाखवला. ती घरात जाऊन मावशीची तीच चादर घेऊन आली.

चैत्रात पाहणी आहे. मी रजा टाकली आहे. सातव्यावर ती बसेल, आठव्यावर मी.