तिनं आतून सांगितलेलं वाक्य

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते नाटकाचं. काम म्हणजे काय, मी पडवीत खुर्चीवर बसून बोलत होतो आणि बायको माजघराच्या दाराआड पाटावर बसून मला आतून वाक्यं सांगत होती. रविवार होता. चुलीवर भात होता. रोजच्यासारखाच दिवस, फक्त पडवीसमोरच्या खळ्यात कॉलेजची सहा-सात पोरं वायरी पसरून उभी होती.

पोरं रत्नागिरीच्या कॉलेजातली. एक जुनं नाटक घेऊन त्याचा व्हिडिओ करायचा, असा त्यांचा अभ्यास होता. नाटक आमच्या ओळखीचं. गलबत घेऊन व्यापाराला गेलेला मुलगा, त्याची वाट बघणारी सून आणि घरात बसलेला म्हातारा सासरा. पोरांनी त्याचं सगळं आजचं केलं होतं. गलबताचं मोठं जहाज झालं, पत्राचा मोबाइल झाला, सून बँकेत नोकरीला लागली. गाणी काढून टाकली. फक्त म्हाताऱ्याची वाक्यं जुनी होती तशीच ठेवली. त्यांचा जो दिग्दर्शक होता, टोपी उलटी घालणारा मुलगा, तो म्हणाला की सगळे आजचं बोलतात आणि म्हातारा एकटाच जुनं बोलतो, यातच गंमत आहे. मी म्हटलं, मग मी येडा दिसेन. बायको आतून म्हणाली, "दिसाल कशाला, आहातच. बसा आता."

ते माझ्याकडे का आले तेही सांगतो. आमच्या वाडीत चौदा एप्रिलच्या जयंतीला दरवर्षी नाटक व्हायचं. निम्मे नट मुंबईहून यायचे, ते आदल्या दिवशी गाडीतून उतरायचे. तालीम कुठली होणार? म्हणून आमच्याकडे एकच रीत होती. आतून जे सांगितलं जाईल ते बोलायचं. अर्थ नंतर. माझं शिक्षण चौथी, सगळा जन्म चिरेखाणीत आणि मग गवंडीकामात गेला. वाचता येतं, पण एक ओळ लावीपर्यंत समोरचा नट खाली बसेल. बायको सातवी होती. आधी शाळेचे गुरुजी आतून सांगायचे, त्यांची बदली झाली तशी ती पुस्तक घेऊन पडद्यामागे बसायला लागली. बाईमाणूस प्रॉम्प्टर म्हणून लोक हसले, मग सवय झाली. वीसेक वर्षं मी तिच्या तोंडचं बोललो. तिचा शब्द कानात पडला की माझ्या तोंडातून तो मोठ्यानं बाहेर पडायचा, मध्ये डोकं लागायचं नाही.

ही रीत चांगली, पण तिच्यात एक खोट आहे. एका वर्षी गॅसबत्ती विझायला आली तेव्हा गुरुजी आतून कुणाला तरी म्हणाले, बत्तीला हवा मार. आमचा राजा सिंहासनावरून प्रधानाला तेच म्हणाला, हात वर करून, तोऱ्यात. अजून वाडीत लग्नकार्यात ही गोष्ट निघते.

तर त्या रविवारी आम्ही पडवीत बसलो होतो. सून झालेली मुलगी माझ्या पायाशी. आवाज आणि कॅमेरा बघणारी दुसरी एक मुलगी होती, ती समोर कानाला मोठे हेडफोन लावून. बायकोचा आवाज त्यात यायचा, पण टोपीवाला म्हणाला, आजी बोलू देत, आम्ही नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकू. चार-पाच वाक्यं झाली. मग आतून आवाज आला, "जरा थांबूया. मला बरं वाटत नाहीय." आणि मी सुनेकडे बघत म्हटलं, "जरा थांबूया. मला बरं वाटत नाहीय."

म्हातारा जसा बोलेल तसंच बोललो. मान खाली घालून.

मग आत बायको हसली आणि मग सगळेच हसलो. मी सर्वांत जास्त. बायकोनं आतूनच बत्तीच्या राजाची गोष्ट पोरांना सांगितली, हसून हसून तिला खोकला आला. टोपीवाला मात्र हसला नाही. तो म्हणाला, हे नाटकात नाही, पण सबंध नाटकात याच्यासारखं वाक्य नाही. म्हातारा पहिल्यांदाच आजचं बोलला. हे ठेवायचं.

बायकोनं विचारलं, पुढचं घेऊ का. ऊन उतरत होतं, पोरांना उजेड हवा होता. मी म्हटलं, घे. तिनं घेतलं. अर्धा तास ती सांगत राहिली आणि मी बोलत राहिलो. काय होतंय ते मी तिला विचारलं नाही. संध्याकाळी ती जेवली नाही, पित्त झालंय म्हणाली, आमसुलाचं पाणी पिऊन पडली. सकाळी उठून भाकऱ्या केल्या. दुपारी मोरीपाशी बसली ती उठेना. रिक्षा बोलावली, हॉस्पिटलात नेली. पोचेपर्यंत बोलत होती, रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगत होती. आत नेल्यावर तासाभरात संपली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, काल-परवा काही त्रास होतो म्हणाल्या होत्या का? मी म्हटलं, नाही.

मी विचार करून बोललो नाही. तोंडातून गेलं.

मुलगी लोट्याहून आली. जावई तिथे कंपनीत आहे, पाळी सोडून तोही आला. मुलीनं तेच विचारलं, "बाबा, आई तुला काहीच बोलली नव्हती?" डॉक्टरला एक सांगितल्यावर तिला दुसरं कसं सांगू? मी म्हटलं, तुझी आई कधी बोलली का आपलं दुखणं. हे खोटं नव्हतं. पण त्या दिवसापुरतं खोटं होतं.

मग ते घरभर झालं. येईल त्या माणसाला मुलगी सांगायची, आई काही बोललीच नाही. बायका म्हणायच्या, सोन्यासारखं मरण, कुणाला त्रास दिला नाही. पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले तेव्हाही एकजण उभा राहून तेच बोलला. मी मांडी घालून बसलो होतो, पायाला मुंग्या आल्या. उठलो आणि बाहेर चपलांमध्ये जाऊन उभा राहिलो.

लोक गेले. मुलगी गेली. रोज रात्री आठला तिचा फोन यायचा, आणि हळूहळू रडण्याच्या जागी राग यायला लागला. आईवरचा राग. आई अशीच, मनात ठेवायची. एक शब्द बोलली असती तर आपण नेलं असतं. तिला मरण परवडलं, पण सांगणं नको. असं बोलायची. मी फोन धरून हं हं करायचो. ठेवल्यावर घरात बसवायचं नाही. वर सड्याच्या माळावर जायचो, खाणीपर्यंत, परत यायचो. दार लावलं की नाही बघायला अर्ध्यातून फिरायचो. दार लावलेलं असायचं. भात करायला ठेवायचा आणि पाण्याला जायचं, भात करपायचा. एकदा एसटीत बसून राजापूरला गेलो आणि त्याच गाडीनं परत आलो. कंडक्टरनं विचारलं, आजोबा, काम झालं का? झालं म्हटलं.

आणि व्हिडिओ तयार होत होता. त्यात ते वाक्य होतं. माझ्या तोंडात होतं, पण ज्याला आमची रीत माहीत त्याला कळलंच असतं की म्हाताऱ्याला हे आतून आलंय. मुलगी लहानपणापासून पडद्यामागे आईच्या मांडीवर बसलेली. तिला पहिल्या शब्दाला कळलं असतं. पोरांनी तो बघायला तिलाही बोलावलं होतं, आईच्या घरात काढलाय म्हणून.

मी कॉलेजात गेलो. एकदा टोपीवाला नव्हता, दुसऱ्या खेपेला भेटला. मी म्हटलं, ते वाक्य काप. त्याला धक्का बसला. तो मला समजावायला लागला की सगळे त्याच वाक्यावर थांबतात, त्यांच्या बाईंनी तेच दोनदा लावायला सांगितलं, आजोबा, तुम्ही तिथेच खरे म्हातारे वाटता. मी म्हटलं, तोंड माझं आहे. मी सांगतो, काप. त्यानं कारण विचारलं. मी दिलं नाही. आवाज चढवला बहुतेक, कारण बाजूच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

हेडफोनवाली मुलगी कॉम्प्युटरपाशी होती. मी जिन्यात आलो तशी मागून आली. पाली गावची मुलगी, आमच्याच बाजूची. म्हणाली, "आजोबा, माझ्या कानाला लावलं होतं. आजी आधी बोलल्या, मग तुम्ही. मला तेव्हाच कळलं होतं की ते त्यांचं आहे. आणि मी पण हसले."

एवढे दिवस मला वाटत होतं की हे माझ्या एकट्याकडे आहे. तिला विचारलं, बायकोचा आवाज पुसला का? म्हणाली, व्हिडिओतून पुसला, पण मूळचं माझ्याजवळ आहे, ते मी ठेवलंय. ऐकता का? मी नको म्हटलं. तरी तिनं आपला नंबर माझ्या मोबाइलात घालून दिला. मी उतरलो. दोन पायऱ्या चुकलो.

व्हिडिओ कॉलेजच्या सभागृहात दाखवला. मुलगी लोट्याहून आली, आईचं पातळ नेसून आली. मी तिच्या शेजारी. पडवी मोठी दिसत होती, आमची नव्हेच असं वाटत होतं. त्या वाक्याची जागा जवळ आली तसा मी खुर्चीच्या खाली पाय घट्ट रोवले. मी पडद्यावर बोलत होतो, बोलत होतो, आणि एकदम समुद्र आला. नुसतं पाणी. परत मी आलो तेव्हा पुढचं वाक्य चालू होतं. कापलं होतं, आणि चांगलं कापलं होतं, कुणाला कळणार नाही असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्यानं मला उभं केलं. मुलीनंही टाळ्या वाजवल्या, डोळे पुसत.

मला वाटलं होतं, हे झालं की सुटलो. परतीच्या गाडीत जागा मिळाली, मुलगी खिडकीशी बसली. हातखंबा मागे पडला. मग म्हणाली, "किती छान झालं असतं ना आई असती तर. पण बाबा, मी तिला माफ नाही करणार. बोलायला काय झालं होतं तिला?"

बाहेर बघून म्हणाली, माझ्याकडे नाही. मी पुढच्या सीटचा दांडा धरला होता. बायको आयुष्यभर माझ्यासाठी आतून बोलली, आणि एकदाच स्वतःसाठी बोलली, तेही मी माझं म्हणून बोलून टाकलं. वर आता ते कापून घेतलं. त्या सभागृहातून मी तिला दुसऱ्यांदा गप्प करून आलो होतो, आणि न बोलल्याचा आळ मात्र तिच्यावर. पण गाडीत माणसं होती. मी बोललो नाही. घरी आल्यावर मुलीनं पिठलं केलं, तेव्हाही बोललो नाही. ती दमली होती, लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लोट्यावरून जाणारी खेडची गाडी होती. ती चुलीपाशी चहा गाळत होती. मी दारातच उभा राहिलो, बसलो असतो तर परत उठलो असतो आणि सड्यावर गेलो असतो.

म्हटलं, "आई बोलली होती."

तिनं गाळणं खाली ठेवलं.

मी सगळं सांगितलं. पाट कुठे होता, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, पुढे घे असं कोण म्हणालं. डॉक्टरला नाही म्हटलं तेही, वाक्य कापायला लावलं तेही, आईचा मूळचा आवाज त्या पालीच्या मुलीनं ठेवलाय तेही. सांगायला फार वेळ लागला नाही.

"आणि तू हसलास?"

"हसलो."

"तीपण?"

"आधी तीच हसली."

ती उठून मागल्या दारी गेली. मोरीवर पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ. चहा गार झाला. मी तिची पिशवी उचलली आणि आम्ही रस्त्यावर आलो. तिथे ती माझ्यापासून दोन पावलं लांब उभी राहिली, आणि ते बरोबरच होतं. खेडची गाडी लांबून दिसली. मी पिशवी पुढे केली. तिनं घेतली नाही. म्हणाली, "ती मुलगी कुठे भेटेल?"

खेडची गाडी गेली. मागून रत्नागिरीची आली, मी हात केला. वर चढून कंडक्टरला म्हटलं, दोन रत्नागिरी. मग खिशातून मोबाइल काढून मुलीकडे दिला. मला नंबर लावता येत नाही, तिनं लावला, आणि मी त्या पालीच्या मुलीला सांगितलं की आम्ही दोघं येतोय, मूळचं काढून ठेव.