सानगडीच्या सारसांचा शेवटचा पाहुणचार

"एवढ्या उन्हात भंडारा जिल्ह्यात? आणि बघायला काय, तर बास्केटबॉल?" नाशिकहून निघताना बायकोने विचारलेला हा प्रश्न रास्त होता. एप्रिल महिन्यात विदर्भात लोक लग्नाला जातात तेही नाइलाजाने. पण कॉलेजात मी तीन वर्षं बास्केटबॉल खेळलो होतो, म्हणजे खरं तर तीन वर्षं संघाच्या बाकावर बसलो होतो, आणि माझ्याच शेजारी बसणारा ठवकर आता भंडारा जिल्ह्यातल्या सानगडी नावाच्या गावात एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला होता. दोन राखीव खेळाडूंपैकी एकाचं नशीब उघडलं असेल तर दुसऱ्याने जाऊन बघायला नको?

ठवकरने फोनवर सांगितलं होतं, "पाहाची असन तं आत्ताच येऊन पाहून घे. पुढच्या साली टीम राहते का नाई, सांगता येत नाई."

रेल्वेने नागपूर, तिथून एसटी. भंडाऱ्याला वैनगंगेचा लांब पूल लागला. नदीत पाणी होतं, पण ते सावलीत जाऊन बसल्यासारखं एका काठाला टेकलेलं. पुढे साकोलीला उतरलो आणि काळीपिवळीत शिरलो. नऊ माणसांच्या त्या गाडीत चौदावा मी होतो. चालकाने आरशातून विचारलं, "पाव्हणे, सानगडीले कोनाकडे जाऊन राहिले?"

"बास्केटबॉलची मॅच आहे ना, ती बघायला."

"म्हंजे जेवाले जाऊन राहिले!" तो म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. मी पोटावरून हात फिरवला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (भाताची खाचरं) होत्या. कुठे उन्हाळी धान हिरवंगार उभं, कुठे नुसती भेगाळलेली जमीन. मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या आणि गोडसर वास गाडीत शिरत होता. डॉक्टरांनी मला गोड बंद केलं आहे, पण वासाबद्दल ते काही बोललेले नाहीत.

ठवकर गावाच्या तोंडाशीच उभा होता. डोक्यावर पांढरा दुपट्टा, गळ्यात शिट्टी. त्याने मला थेट मैदानावर नेलं. मैदान म्हणजे गावातल्या राइस मिलचं खळं, धान वाळवायची सिमेंटची प्रशस्त फरशी. दोन टोकांना खांब, त्यांवर गावच्या सुताराने केलेल्या फळ्या आणि लोहाराने केलेल्या कड्या. फरशीच्या भेगांत अजून धानाचे दाणे होते आणि चिमण्यांचा सराव चालू होता.

संघाच्या जन्माची कथा ठवकरने तिथेच ऐकवली. शेजारच्या गावच्या एका शेठने कबड्डीचा संघ काढला. हे या मिलच्या शेठला सहन झालं नाही. त्याच सुमारास नागपुरात कुणीतरी बास्केटबॉलची छोटी लीग सुरू करत होतं आणि त्यांना संघ मिळत नव्हते. शेठने विचारलं, "या खेळात कबड्डीवाल्यापेक्षा उंच माणसं लागतेत का?" हो म्हटल्यावर त्यांनी लगेच सही केली. संघाचं नाव ठेवलं ‘सानगडी सारस’. सारस पक्षी या भागातला, आणि उंचही. अट एकच, नवीन धान मिलवर यायच्या आत खेळ आटोपायचा.

"मग कसे खेळले?" मी विचारलं.

ठवकरने पायाने एक दाणा बाजूला सारला. "बाहेरगावचे चारही सामने हारलो. घरचे चारही जिंकलो."

"वा! घरच्या मैदानाचा फायदा."

"मैदानाचा नाई," ठवकर म्हणाला, "सयपाकाचा."

आता काळीपिवळीतलं हसू माझ्या ध्यानात आलं. या गावात पाहुणा दारात आला की आधी पाट, मग काम. प्रतिस्पर्धी संघ झाला म्हणून काय झालं, तोही पाहुणाच. तेव्हा सामन्याआधी त्यांना जेवायला बसवायचं: मटक्यावरच्या लांब रोट्या (पालथ्या मडक्यावर भाजलेल्या, रुमालाएवढ्या पातळ), पाटोडीचा झणझणीत रस्सा, गोळाभात, उडदाचे वडे आणि वर गूळ-तांदळाचे अरसे. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या ताटात दुप्पट. यात कुणाचं कपट नव्हतं. गावाला वाटत होतं आपण रीत पाळतो आहोत. पाहुण्यांना मात्र दुसऱ्या सत्रात उडी मारणं सोडा, वाकून चेंडू उचलणंही जमत नव्हतं. शेवटी चारही पाहुण्या संघांनी मिळून तक्रार केली आणि लीगचं पत्र आलं: सामना संपेपर्यंत यजमानांनी पाहुण्या संघाला काहीही खाऊ घालू नये.

"गाव लगीत (फार) नाराज हाय," ठवकर म्हणाला. "आज शेवटचा सामना, नागपूरवाल्यांशी. जिंकलो तं पुढच्या साली लीगमध्ये राहू. हारलो तं टीम बंद."

संघाचा कर्णधार प्रफुल मला वच्छलाबाईंच्या घरी भेटला. तो त्यांच्याकडेच राहत होता. सहा फूट चार इंच उंच, कपाळावर जुन्या टेंगळांची रांग. त्याचं मूळ गाव गोसीखुर्द धरणात गेलं. नव्या गावठाणात सगळ्या चौकटी एकाच सरकारी मापाच्या, आणि ते माप घेताना प्रफुलला कुणी विचारलं नव्हतं. वडील धरणात मासे धरतात. होडीत हा उभा राहिला की वडील ओरडायचे, बस खाली, बुडवशील. "आयुष्यात पहिल्यांदा या टीमनं मले उभं राहा म्हटलं," तो म्हणाला.

वच्छलाबाई गावजेवणाच्या मुख्य आचारी. अंगणात चुलीवर रस्सा रटरटत होता.

"मावशी, पत्र वाचून दाखवलं ना तुले?" प्रफुल म्हणाला. "मॅच संपेस्तोवर काईच द्याचं नाई."

"अन् पाव्हणे तोंड वासून बसतीन? लोक काय म्हणतीन आपल्याले?"

"लोक आत्ता काय म्हणतेत ते ऐकलं का? म्हणतेत, सारसवाले वड्यानं जिंकतेत. मले एकडाव, फक्त एकडाव, पाव्हण्याचं पोट हलकं असताना जिंकून दाखवाचं हाय."

वच्छलाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला वाढताना मात्र त्यांनी सगळी कसर भरून काढली. मला पत्र लागू नव्हतं.

सामना साडेचारला होता. नागपूरकर अकरालाच हजर झाले. सगळे बारा खेळाडू हात धुऊन मिलच्या पडवीत रांगेत बसले. त्यांच्या कर्णधाराने अदबीने विचारलं, "पानं कुठं मांडून राहिले जी?"

ठवकरने पत्र दाखवलं. ते त्यांच्या संघालाही गेलं होतं, पण वाचलं कुणी नव्हतं. कर्णधाराचा चेहरा पडला. "बाप्पा! आमी तं कालपासून पोट रिकामं ठेवलं. सकाळचे पोहेसुद्धा नाई खाल्ले. बाकी टीमवाल्यांनी एवढं वर्णन केलं होतं सानगडीचं!"

"पण तक्रार तर त्यांनीच केली होती," मी म्हणालो.

"हाव ना जी. तक्रार पायाची होती, जिभेची नाई."

लीगचे निरीक्षक नावाचे एक किडकिडीत गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. गावातली दुकानं दुपारची बंद होती. एक पानठेला उघडा होता, त्याने बिस्किटं द्यायला साफ नकार दिला. पाहुण्यांना बिस्किटांवर काढलं तर गावाचं नाक कापलं जाईल, असं त्याचं म्हणणं. अशा रीतीने नियमाने जेवण अडवलं आणि रीतीने नाश्ता. पाहुणे माठातलं पाणी पीत राहिले आणि मिलला लागूनच असलेल्या अंगणातून येणारा वच्छलाबाईंच्या फोडणीचा वास सहन करत राहिले.

साडेचारला ऊन थोडं कललं. मिलच्या पोत्यांच्या थप्पीवर गाव बसलं होतं. सारस चांगले खेळत होते. प्रफुल चेंडू झाडावरचा आंबा उतरवावा तसा सहज उतरवत होता. गुण वाढत होते, पण टाळ्या काही वाजत नव्हत्या. बायका एकमेकींकडे बघत होत्या. माझ्या शेजारची म्हातारी तर पदर तोंडाला लावून म्हणत होती, "काहून पळवून राहिले त्या लेकरायले उपाशीपोटी?"

मध्यंतराला सारस एकतीस, नागपूर चोवीस. शिट्टी वाजली आणि नागपूरचा एक बुटका, चपळ खेळाडू बाकाकडे जाता जाता गरगरला आणि फरशीवर बसला. ठवकरने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो डोळे उघडून हसला आणि म्हणाला, "काई नाई सर, वास लागला."

कुणीच हसलं नाही. प्रफुल त्याच्यापाशी उकिडवा बसला होता. तो उठून निरीक्षकांसमोर उभा राहिला. "साहेब, यायले खाऊ घालू द्या."

"पत्रात स्पष्ट लिहिलंय..."

"लिवलं हाय, मले माहीत हाय. पण हे जिंकणं मले नाई पायजे. पोट भरलेल्याले हरवून लोक हासले. उपाशी माणसाले हरवून मीच हासू नाई शकणार."

निरीक्षकांनी आकाशाकडे पाहिलं, मग बुटक्या खेळाडूकडे, आणि मग, मी शपथेवर सांगतो, चुलीकडे. शेवटी म्हणाले, "दोन्ही कर्णधारांची संमती असेल तर मध्यंतर एक तासाचं. पण पुन्हा तक्रार यायला नको."

वच्छलाबाई परात उचलून निघाल्याच होत्या. प्रफुल आडवा आला. "मावशी, मोजून. एकेकाले दोन रोट्या, एक पळी रस्सा. वडा नाई, अरसा नाई. आग्रह तं बिलकूल नाई."

"मोजून?" वच्छलाबाईंचा आवाज चढला. "मोजून वाढाले मी काय रेशनचं दुकान उघडलं?"

"मावशी, मी पाया पडतो तुह्या."

आणि तो सहा फूट चार इंचांचा माणूस सगळ्या गावासमोर खरोखर वाकला. वच्छलाबाईंनी डोळे पुसले आणि मोजून वाढलं. हात आखडून वाढताना त्या पाहुण्यांकडे बघत नव्हत्या. उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला ‘अजून घ्या’ म्हटलं नव्हतं. मी अनेक पंगती पाहिल्या आहेत, पण एवढी अवघड पंगत पाहिलेली नाही.

तासाने खेळ सुरू झाला आणि नागपूरकर पळू लागले. दोन रोट्या आणि एक पळी रस्सा हे धावायला अगदी नेमकं माप असावं. आता मात्र गाव जागं झालं. पोत्यांवरून आरोळ्या उठल्या, म्हातारीने पदर खोचला. एकदा सारस पुढे, एकदा नागपूर. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा सारस एका गुणाने पुढे होते. तेवढ्यात तोच मघाशी गरगरलेला बुटका प्रफुलच्या लांब हाताखालून वाकून निघाला आणि चेंडू लोहाराच्या कडीतून खाली आला. नागपूर त्रेपन्न, सारस बावन्न. खेळ संपला, आणि सानगडीचा संघही.

त्यानंतर मात्र पंगत जी बसली ती रीतीप्रमाणे बसली. प्रफुल स्वतः वाढत होता आणि बुटक्याच्या ताटात अरसे टाकत होता. निरीक्षकांनीही पाटावर बसून चार वडे घेतले आणि पाचव्याला नाही म्हटलं, म्हणून त्यांना सहा मिळाले.

सकाळी निघताना वच्छलाबाईंनी माझ्या हातात एक गरम पुडकं दिलं. "दोन दोन वडे वाढू दिले असते ना जी, तं टीम वाचली असती," त्या म्हणाल्या. प्रफुल दाराबाहेर पिशवी घेऊन उभा होता. त्याने ऐकलं आणि नुसती मान खाली घातली.

साकोलीपर्यंत आम्ही बरोबर होतो. काळीपिवळीत त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. तो आता घरी जाणार होता, धरणावर, वडिलांच्या होडीत. मी म्हणालो, "वाईट वाटत असेल."

"वाटते ना काका. रातभर झोप नाई आली." त्याने बाहेर बांध्यांकडे पाहिलं. "पण चार मॅच जिंकलो तवा आमी कसे खेळतो तेच समजत नव्हतं. काल समजलं. आमी एका पॉइंटानं कमी होतो. फक्त एका."

साकोलीच्या स्टँडवर तो उतरला आणि डोकं आदळू नये म्हणून सवयीने वाकला. बाहेर छत नव्हतं. मग सरळ उभा राहिला आणि मला हात केला.

नागपूरच्या एसटीत मी पुडकं उघडलं. सात वडे होते. डॉक्टरांनी वड्यांबद्दलही कधी काही म्हटलेलं नाही, तेव्हा मी ते सगळे खाल्ले. नागपूर स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर मी कठडा धरला, आठव्या पायरीवर बसलो, आणि समोर उभी असलेली माझी गाडी निघून जाताना बघत राहिलो. सारसांचे चारही विजय वच्छलाबाईंचे होते, हे मला त्या आठव्या पायरीवर पटलं. हार मात्र प्रफुलची स्वतःची होती, पूर्ण एका गुणाची.