तीस काड्यांची तपासणी

बिस्किटांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्याचं काम एकच होतं. पट्ट्यावरून पुडे सरकत यायचे, त्यातला दर दहावा उचलायचा, फोडायचा, बिस्कीट मोडून बघायचं आणि वहीत 'पास' किंवा 'नापास' लिहायचं. फोडलेला पुडा पुन्हा पट्ट्यावर जात नसे, हा तिथला नियम. कामगार त्याला 'दहावेसाहेब' म्हणत आणि तो बिचारा त्याला मान समजे. घरीही त्याचा हात स्वस्थ नसे. नवी काडेपेटी आणली की चार काड्या ओढून बघणार. बायकोनं घड्या घातलेले कपडे उलगडून बघणार. एकदा चांगली चालती इस्त्री त्यानं आतून बघायला म्हणून उघडली, ती पुन्हा कधी तापली नाही.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की कोणाचं तरी नशीब फिरतंच. इथे ते मागच्या अंगणातल्या ब्लूबेरीच्या झुडपाचं फिरलं.

झुडूप बायकोचं. तिच्या आईनं जायच्या आदल्या वर्षी दिलेलं. पंधरा वर्षं ती त्याला साठवलेलं पावसाचं पाणी घालत होती, बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरत होती आणि फळं निळी व्हायला लागली की पाखरांनी खाऊ नयेत म्हणून वरून जाळी टाकत होती. यातलं काहीही तिनं वहीत लिहिलं नव्हतं. दहावेसाहेबांना ते खटकलं. त्यांनी माती तपासायच्या पट्ट्या आणल्या, एक ओल्या मातीत बुडवली, आणि निकाल आला : माती आंबट. कारखान्यात आंबट म्हणजे नापास. बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी दोन घमेली चुना बुंध्याशी कालवला आणि वहीत लिहिलं, 'दोष दूर केला.'

महिन्याभरात पानं पिवळी पडली. तो एक पान खिशात घालून रोपवाटिकेत गेला. तिथल्या माळ्यानं पान बघितलं, साहेबांकडे बघितलं.

"चुना घातलात?"

"माती आंबट होती."

"ह्या झाडाला आंबटच लागते, साहेब. तुम्ही त्याच्या ताटातलं जेवण काढून घेतलंत."

चुना काही आता उपसून निघणार नव्हता. झुडूप फार तर दोन वर्षं काढेल, तोवर हिरव्या शेंड्यांच्या काड्या लावून नवी रोपं करा, असं माळी म्हणाला. बोटभर काडी, खालची पानं काढायची, ओल्या रेतीत आणि कुजक्या पाल्यात खोचायची, वर प्लास्टिक झाकायचं, सावलीत ठेवायचं. "आणि मुख्य म्हणजे दोन महिने हात लावायचा नाही." साहेबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या वाक्यासाठी तेवढा वहीत रकाना नव्हता.

घरी येऊन त्यानं कबुली दिली. बायको भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "आईचं तेवढंच होतं माझ्याकडे." मग आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. हे झुडूप मेलं तर आपण बायकोला तोंड दाखवायच्या लायकीचे राहणार नाही, हे त्याला पुरतं कळलं होतं.

त्यानं तीस काड्या लावल्या. त्याच दिवशी बायको स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली. भिंतीकडच्या बाजूला चुना पोचला नव्हता. तिथली एक खालची फांदी तिनं वाकवली, तिची साल खालून जराशी खरवडली, ती मातीला टेकवून वर भुसा घातला आणि फांदी उसळू नये म्हणून ती बंद पडलेली इस्त्री ठेवली.

"आई असंच करायची," ती म्हणाली.

"इस्त्रीखाली रोपं होत असती तर इस्त्रीवाल्याच्या दुकानात जंगल उगवलं असतं," तो म्हणाला. ती हसली नाही.

दर रविवारी तो तीन काड्या उपटून मूळ धरलंय का ते बघू लागला. सात रविवार वहीत 'नापास' चढलं, एकवीस काड्या कचऱ्यात गेल्या. आठव्या रविवारी तीन काड्यांना पांढरी, केसासारखी मुळं दिसली. आनंदानं त्याचे डोळे भरून आले. त्यानं 'पास' लिहिलं आणि नियमाप्रमाणे त्या तिन्ही फेकल्या, कारण फोडलेला पुडा पट्ट्यावर जात नाही. पण तीन नमुन्यांवरून मालाची खात्री कशी द्यायची? नवव्या रविवारी आणखी तीन पास झाल्या. शेवटच्या तीन राहिल्या तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता राहू द्या." त्यानं शपथेवर हो म्हटलं. बुधवारपर्यंत कळ काढली.

वही घेऊन तो तिच्यापुढे उभा राहिला. "सगळ्या पास झाल्या," तो म्हणाला.

"रोपं कुठायत?"

तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बायकोनं त्याच्या हातातली वही घेतली, पण फाडली नाही.

पुढच्या वर्षी जुनं झुडूप वाळायला लागलं. ते पुरतं जायच्या आत बायकोनं इस्त्री उचलून फांदी कापली. खाली मुठीएवढा मुळांचा गुंता होता. तिनं त्याला कुंडी धरायला सांगितली. "नुसती धरा." त्यानं नुसती धरली.

आता ते रोप कमरेएवढं झालंय. यंदा थंडी सरताना बायकोनं त्याच्या काड्या कापल्या आणि एका ट्रेमध्ये दहा खोचल्या.

"ही कोपऱ्यातली दहावी तुमची. हवी तेव्हा बघा. बाकीच्या नवांना बोट लागलं तर मी आहे आणि तुम्ही आहात."

त्याला अपमान वाटला. आपण काय अजून तसे राहिलोय? पण जित्याची खोड. पहिल्याच रविवारी दहावी त्याच्या चिमटीत होती. मूळ नव्हतं. तो शरमून उभा असताना बायको आली, त्या रिकाम्या भोकात दुसरी काडी खोचून गेली.

ही कुठून आली, म्हणून सवयीनं त्यानं फ्रिज तपासला. खालच्या कप्प्यात ओल्या फडक्यात बांधलेलं एक पुडकं होतं. त्यानं ते सोडलं आणि काड्या मोजल्या. सात होत्या. माळ्यानं सांगितलेल्या दोन महिन्यांतले उरलेले रविवारही सातच होते.